ई २२०चा चार गिअरचा ऑटोमॅटिक झटके देतोय, गिअरबॉक्स उघडू की थांबू?

पार्लेकर

मंडळी, सल्ला हवा आहे आणि शनिवारपर्यंत हवा आहे.

बाबांची मर्सिडीज ई २२०, डब्ल्यू १२४ बॉडी, १९९६ची, पुण्यात जुळवलेली. २००४ साली सेकंडहँड घेतली. लहानपणीच्या पोलिओमुळे बाबांच्या डाव्या पायात जोर नाही, क्लच दाबता येत नाही. त्या वेळी आपल्याकडे ऑटोमॅटिक गाड्या शोधाव्या लागायच्या. थाटमाट म्हणून ही गाडी घरात आली नाही. बाबांना एकदा तरी स्वतः स्टिअरिंग धरता यावं म्हणून आली. वयाच्या ५४व्या वर्षी ते गाडी शिकले. आज ७४चे आहेत आणि अजून पार्ल्याहून दादरला बहिणीकडे स्वतः जातात. म्हणजे दोन महिन्यांपूर्वीपर्यंत जात होते.

आता दुखणं सांगतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मागून कुणी ढकलावं तसा झटका बसतो. आधी सकाळीच बसायचा, आता दिवसभर. सिग्नलला उभं राहून निघालं की मागून पांढुरका-निळसर धूर येतो. आणि गिअर ऑईल कमी होतंय. दोन महिन्यांत साधारण लिटरभर घातलं. पार्किंगच्या फरशीवर मात्र एक थेंब नाही, मी रोज पुठ्ठा टाकून बघतोय.

एका मोठ्या वर्कशॉपने गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल सांगितलं, १ लाख ८० हजार, वर पार्ट्स लागतील तसे. दुसऱ्याने धूर बघून इंजिनाच्या रिंगा गेल्या म्हणून सांगितलं. पहिल्या वर्कशॉपवाले शनिवारी गाडी न्यायला येणार आहेत. बाबा म्हणतात, "उघडायला देऊ नकोस, गाडी पळते आहे की." त्यांच्या हाताला बसलेली गाडी आहे, म्हणून मी त्यांचं म्हणणं उडवून लावत नाहीये. पण ऑईल जातंय कुठे?

सायन_सर्कल

२८ वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करू नका असं मनापासून सांगतो. तेवढ्यात चांगली जुनी ऑटोमॅटिक हॅचबॅक येईल, काकांना पार्किंगलाही सोपी पडेल. नाहीतर भंगारात निघालेल्या ई २२०चा अख्खा गिअरबॉक्स शोधा.

पार्लेकर

सायन_सर्कल, तुमचा हेतू कळतो. पण बाबांनी मागच्या वर्षी दोन नव्या गाड्या चालवून बघितल्या आणि दोन्ही वेळा उतरल्यावर गप्प बसले. त्यांना हीच हवी आहे. भंगारातला गिअरबॉक्स कुणी कसा वापरला होता ते कसं कळणार? तो शेवटचा मार्ग.

कुर्ल्याचा पाना

थांबा. शनिवारी गाडी देऊ नका.

मी ३१ वर्षं हेच काम करतोय. शिकलो पद्मिनी टॅक्सीवर, मग या गाड्यांवर आलो. मला चार गोष्टींची उत्तरं द्या.

गाडी सुटताना पहिल्या गिअरमध्ये सुटते की दुसऱ्या? झटका गाडी चालू असताना गिअर बदलतानाच येतो, की उभ्या गाडीत डी-मधून (पुढे जायचा) आर-मध्ये (रिव्हर्स) टाकतानाही "ठक" होतं? ऑईलचा रंग कसा आहे आणि ऑईल मोजायची पट्टी नाकाशी धरली तर जळका वास येतो का? आणि रेडिएटरच्या टाकीत वर तवंग दिसतो का?

ऑईल तपासताना गाडी सपाट जागी, इंजिन चालू, पी-मध्ये (पार्किंग) आणि गिअरबॉक्स चांगला तापलेला हवा. थंड गाडीत पट्टी बघून कुणीही काहीही सांगतं. पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत जेमतेम ३०० मिलीचा फरक असतो, त्यामुळे अंदाजाने ओतत बसू नका, जास्त झालं तर फेस होतो. आणि पट्टी पुसायला जुना बनियन नको, त्याचा धागा आत गेला तर व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

पार्लेकर

तुमची पोस्ट वाचून लगेच खाली गेलो. विमानतळापर्यंत एक फेरी मारून गाडी तापवली आणि परत आल्यावर बघितलं.

रंग लालच आहे, थोडा गडद. जळका वास अजिबात नाही. रेडिएटरच्या टाकीतलं पाणी स्वच्छ, तवंग नाही. डी-मधून आर-मध्ये टाकलं की एक बारीक "ठक" येतं, खालून, माझ्या सीटच्याही मागून. आणि सुटताना ती नेहमी दुसऱ्यातच सुटते, फक्त एक्सलेटर पूर्ण दाबला की पहिला येतो. वर्कशॉपवाल्याने यावरूनच "पहिला गिअर गेलाय" असं लिहून दिलं आहे.

माझगावचा इंजिनिअर

पहिला गिअर गेलेला नाही. तुमचा गिअरबॉक्स अगदी बरोबर वागतो आहे.

मी माझगाव डॉकमधून निवृत्त झालो, जहाजांची यंत्रं हा माझा पेशा. पण या चार गिअरच्या मर्सिडीज गिअरबॉक्सवर माझा जीव आहे, माझ्या थोरल्या भावाकडे तसाच होता. तुमच्या खोक्याच्या अंगावर खोदलेला नंबर ७२२.४ने सुरू होत असेल, खात्री करून घ्या, कारण पार्ट त्यावरूनच मागवायचा आहे. मोठ्या इंजिनांना ७२२.३ यायचा, लहान इंजिनांना ७२२.४. गुणोत्तरं बघा : पहिला ४.२५, दुसरा २.४१, तिसरा १.४९, चौथा सरळ १. पहिला इतका आखूड आहे की रोजच्या सुटण्यात त्याची गरजच नाही. हलक्या पायाने निघालात तर तो दुसऱ्यातूनच निघतो, जोर मागितलात तरच पहिला देतो. कारखान्यानेच तसा बांधला आहे. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात हा गिअरबॉक्स देऊ नका.

आता आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे तुमचं ऑईल कुठे जातं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच नाही, टॉर्क कन्व्हर्टर आहे. त्याची मूळ कल्पना हर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरची, १९०५ची, आणि तीही जहाजांसाठी. टर्बाइन भराभर फिरतं, पंख्याला मात्र संथ फिरायचं असतं, मधली ताकद तेलातून पोचवायची. घरी ताक घुसळताना रवी थांबली तरी भांड्यातलं ताक फिरत राहतं, त्या फिरत्या ताकात दुसरी रवी सोडली तर ती आपोआप फिरू लागेल. एक रवी इंजिनाची, दुसरी गिअरबॉक्सची. दोन्हींच्या मध्ये एक तिसरं चाक परत येणाऱ्या तेलाला योग्य दिशेने वळवतं, म्हणून सुटताना इंजिनाचा जोर वाढून मिळतो. तुमच्या गिअरबॉक्समध्ये हा कन्व्हर्टर लॉक होण्याची सोय नाही. थोडी घसर कायम राहते, तिची उष्णता होते, आणि ती उष्णता तेल रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरमध्ये नेऊन सोडतं.

मागे दातेरी चाकांचे संच. मधे सूर्य, भोवती ग्रह, बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेलं कडं. यातलं एक धरून ठेवलं, दुसऱ्याला फिरवलं की तिसरं वेगळ्या वेगाने फिरतं. कुणाला धरायचं आणि कुणाला कुणाशी जोडायचं, एवढ्यावर चारही गिअर आणि रिव्हर्स निघतात. धरणारे पट्टे ड्रमभोवती आवळतात, जोडणाऱ्या क्लच प्लेट्स असतात, आणि दोघांनाही दाबतं तेल. चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात, म्हणून मॅन्युअलसारखा मध्येच ताण तुटत नाही.

मग कुठला गिअर कधी आणि किती जोरात, हे कोण ठरवतं? या गिअरबॉक्सला कॉम्प्युटर नाही. त्याला तीन निरोप येतात. पहिला गव्हर्नरकडून : गाडीचा वेग वाढला की त्याच्याकडून येणारा तेलाचा दाब वाढतो. दुसरा एक्सलेटरला जोडलेल्या केबलकडून : तुम्ही किती दाबलं आहे. तिसरा इंजिनाच्या इन्टेकमधून (इंजिन हवा आत ओढतं ती वाट) येणाऱ्या बारीक रबरी नळीतून, व्हॅक्यूमचा : इंजिनावर किती भार आहे. हलकं चालवताना व्हॅक्यूम भरपूर, म्हणजे प्लेट्स हळुवार दाबल्या तरी चालेल. जोर लावला की व्हॅक्यूम पडतो, म्हणजे घट्ट दाबा, नाहीतर घसरतील.

ती नळी जिथे संपते तिथे वाटीएवढा एक डबा आहे, मॉड्युलेटर. त्याच्या आत पातळ रबरी डायफ्राम, म्हणजे पडदा. एका बाजूला व्हॅक्यूम, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सचं तेल. आता हा डायफ्राम फाटला तर काय होईल, तुम्हीच सांगा.

पार्लेकर

इंजिन नळीतून तेल ओढून घेईल आणि जाळेल. म्हणून धूर. म्हणून फरशीवर थेंब नाही!

आणि व्हॅक्यूम गळला की गिअरबॉक्सला वाटणार इंजिनावर पूर्ण भार आहे, म्हणून प्रत्येक बदल जोरात?

माझगावचा इंजिनिअर

बरोबर. आता अंदाजावर थांबू नका, बघा. इंजिन बंद करून थंड होऊ द्या. मॉड्युलेटरच्या बाजूने रबरी नळी ओढून काढा आणि आतून पांढऱ्या कागदाच्या सुरळीने पुसा. नळी कोरडी असायला हवी. लाल तेल लागलं तर डायफ्राम गेला, यात दुसरं मत नाही.

बाबूजी३००डी

छान धागा. माझ्याकडे डब्ल्यू १२३ बॉडीची ३०० डी आहे, गिरगावात. डिझेलवाल्यांसाठी एक भर घालतो, कारण हे वाचून कुणीतरी इन्टेकमध्ये व्हॅक्यूम शोधत बसेल.

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नाही, त्यामुळे इन्टेकमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही. तो वेगळ्या पंपातून येतो आणि डिझेल पंपावरचा एक व्हॉल्व्ह भाराप्रमाणे तो कमी-जास्त करून गिअरबॉक्सकडे पाठवतो. त्याच पंपाच्या व्हॅक्यूमवर दारांची लॉकं चालतात आणि चावी फिरवल्यावर इंजिनही त्यानेच बंद होतं. माझी गाडी वर्षभर झटके देत होती. मिस्त्री गिअरबॉक्सच्या मागे लागले होते. एक दिवस चावी काढली तरी इंजिन सुरूच राहिलं. गळती निघाली मागच्या डाव्या दाराच्या लॉकमध्ये! ती नळी बंद केल्यावर इंजिन चावीला ऐकू लागलं आणि गिअरही मऊ पडायला लागले. गिअरबॉक्सला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

घाटवाट

मी या गाड्यांतली नाही, माझी २०१२ची फॉर्च्युनर, टू व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिक. तीही मागच्या चाकांना ताकद देणारी आणि चार गिअरचीच. तुमच्या आणि माझ्या चारमध्ये काही फरक आहे का? माझी हायवेवर शांत असते, ई २२० मात्र शंभराला इंजिनाचा आवाज करते असं ऐकलंय.

माझगावचा इंजिनिअर

चांगला प्रश्न. चार हा आकडा सारखा, पण त्यामागचा हिशेब वेगळा.

चार गिअरची ऑटोमॅटिक काही नंतरची सुधारणा नाही. जनरल मोटर्सने १९४०च्या ओल्डस्मोबिलमध्ये दिलेली हायड्रामॅटिक, मोठ्या संख्येने बनलेली पहिली पूर्ण ऑटोमॅटिक, तीच चार गिअरची होती. मागच्या चाकांच्या गाड्यांसाठी. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टरही नव्हता, साधं तेलाचं कपलिंग होतं. ती इतकी दणकट निघाली की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम ५ स्टुअर्ट रणगाड्यात एकेका इंजिनामागे एक अशा दोन हायड्रामॅटिक बसवल्या होत्या. नंतर अमेरिकेत दोन आणि तीन गिअरवर बराच काळ भागलं, कारण कन्व्हर्टर सुटताना जोर वाढवून देत होता आणि पेट्रोल स्वस्त होतं.

१९७०च्या दशकात तेल महागलं आणि चौथा गिअर परत आला, पण आता ओव्हरड्राइव्ह म्हणून. फोर्डचा एओडी १९८०चा, जनरल मोटर्सचा ७००आर४ १९८२चा. ७००आर४ची गुणोत्तरं ३.०६, १.६३, १ आणि ०.७०. म्हणजे तिसऱ्यातच सरळ जोड, आणि चौथ्यात इंजिन गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टपेक्षा हळू फिरतं. शिवाय कन्व्हर्टर लॉक होतो. जपानी चार गिअरच्या गाड्याही याच वाटेने गेल्या.

मर्सिडीजने वेगळा विचार केला. चौथा १वरच ठेवला आणि चारही गिअर ओढण्याच्या कामाला लावले. म्हणून ई २२० हायवेवर इंजिन जरा चढं ठेवते, पण शहरात आणि चढावर तिचे गिअर जवळजवळ असल्यामुळे धाप लागत नाही. मला व्यक्तिशः हीच मांडणी आवडते. मुंबईत शंभराचा वेग गाठायचा तरी कुठे?

घाटवाट

कळलं. बोरघाट उतरताना मी ३वर आणते, ते बरोबर ना?

माझगावचा इंजिनिअर

अगदी बरोबर. गरज पडली तर आणखी खाली. न्यूट्रलवर घाट कधीही उतरू नका, ब्रेकवर सगळा भार येतो.

पार्लेकर

आज सकाळचा वृत्तांत.

सोसायटीच्या गेटजवळच्या उतारावर गाडी घेतली, पुढची चाकं दोन घोड्यांवर (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), मागच्या चाकांना विटा. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले, हातात टॉर्च. नळी सापडायला पंधरा मिनिटं गेली. टोकाचं रबर कडक झालं होतं, ओढताना चिरलं. कालच्या पेपरच्या कोऱ्या कडेची सुरळी करून आत घातली आणि फिरवून बाहेर काढली.

लालभडक.

टिपकागदावर शाई पसरते तसं तेल कागदावर पसरत गेलं. नळी खाली धरली तर आणखी सात-आठ थेंब पडले. बाबांनी टॉर्च बंद केला आणि म्हणाले, "वर्कशॉपला फोन कर, शनिवारी येऊ नका म्हणून सांग."

तो फोन केला. आता पुढे काय करू?

कुर्ल्याचा पाना

वाह. नळी काढून बघायला एक पैसा लागत नाही, तरी कुणी बघत नाही.

नवीन मॉड्युलेटर घ्या, जुना वापरलेला नको, रबर वयाने जातं. ७२२च्या पुढचा पूर्ण नंबर दुकानदाराला द्या, दिसायला सारखे दोन-तीन प्रकार येतात. ऑपेरा हाऊसला पार्ट्सच्या दुकानांत विचारा, नाहीतर कुर्ल्याला सीएसटी रोडवर. सोबत नवा ओ-रिंग आणि व्हॅक्यूमची नवी नळीही घ्या. एका बोल्टच्या पट्टीने तो धरलेला असतो. काढताना थोडं तेल सांडेल, खाली ट्रे ठेवा. आतली छोटी पिन पडू देऊ नका.

एवीतेवी खाली शिरताय तर ऑईल आणि फिल्टरही बदला. बहुतेक गॅरेजवाले फक्त चेंबर (गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं) सोडतात, त्यात अर्धंच तेल निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये तसंच राहतं. या गाडीच्या कन्व्हर्टरला स्वतःचा ड्रेन बोल्ट आहे, ॲलन कीचा. इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं, खालच्या झरोक्यातून बोल्ट समोर आला की खोलायचा. नव्या गाड्यांत ही सोय सहसा मिळत नाही. चेंबरच्या तळाशी करड्या रंगाची पातळ साय असेल तर घाबरू नका, ती प्लेट्सची नेहमीची झीज. चमकणारे तुकडे निघाले तर मला फोटो दाखवा. मशीनने दाब देऊन फ्लशिंग करायला कुणी सांगितलं तर नको म्हणा.

आणि ते डी-मधून आर-मध्ये होणारं "ठक" वेगळं आहे, गिअरबॉक्सचं नाही. मागच्या चाकांची गाडी आहे, मधे लांब प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना जाड रबरी डिस्क आणि मधोमध एक बेअरिंग. डिस्कला बोल्टांच्या भोकांजवळ चिरा दिसतील. गिअरबॉक्स जोरात बदलत होता, त्याने तिचं आयुष्यही कमी केलं असणार.

सायन_सर्कल

मी आधी गाडी विकायचा सल्ला दिला होता, तो मागे घेतो. एक प्रश्न विचारतो. प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल करावं का? माझ्या ऑटोमॅटिकमध्ये मी करतो, सगळेच करतात.

कुर्ल्याचा पाना

करू नका. प्रत्येक वेळी एन-मधून डी-मध्ये टाकलं की प्लेट्स आणि पट्टे नव्याने धरतात. दिवसाला दोनशे वेळा कशाला? ब्रेकवर पाय ठेवून उभे राहा.

माझगावचा इंजिनिअर

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. डी-मध्ये उभं असताना कन्व्हर्टरचा इंजिनाला जोडलेला अर्धा भाग फिरतो, गिअरबॉक्सला जोडलेला थांबलेला. सगळी मेहनत तेल तापवण्यात जाते. अर्धा-एक मिनिट असेल तर ब्रेकच बरा. पण मे महिन्यात सायनला दहा मिनिटं गाडी हलली नाही, तर एन करा, तेलाला आणि गुडघ्यालाही आराम.

कुर्ल्याचा पाना

दहा मिनिटांना माझी हरकत नाही. मी साठ सेकंदांच्या सिग्नलबद्दल बोलत होतो.

रानजाई

धाग्याशी जवळचं आहे म्हणून लिहिते. २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. आमची ऑटोमॅटिक गाडी कलिन्याला रात्रभर पाण्यात होती, सीटपर्यंत. पाणी ओसरल्यावर इंजिनाचं ऑईल बदललं, प्लग काढून पाणी उडवलं, गाडी सुरू झाली, आम्हाला देव भेटल्यासारखं झालं. गिअरबॉक्सकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. तीन आठवड्यांनी ती पुढे जाईनाशी झाली. तेल काढलं तर स्ट्रॉबेरी मिल्कशेक. हवा जायच्या नळीतून आत पाणी शिरलं होतं. मिस्त्रींनी प्लेट दाखवली, वरचं अस्तर नखाने सोलून निघत होतं, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं.

तेव्हापासून पावसाळ्यात गाडी पाण्यात उभी राहिली की मी आधी गिअरची पट्टी बघते, मग बाकी सगळं. कृपा करून तेल बदलल्याशिवाय गाडी सुरूच करू नका.

माझगावचा इंजिनिअर

रानजाई, नेमकं सांगितलंत. प्लेटवरचं अस्तर कागदाच्या जातीचं असतं आणि सरसाने चिकटवलेलं. पाणी दोन्हीचं शत्रू. रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट तेलात शिरलं तरी असंच होतं, म्हणून कुर्ल्याच्या भाऊंनी सुरुवातीला तवंगाचं विचारलं. आणि मागच्या चाकांची ऑटोमॅटिक गाडी टो करताना मागची चाकं उचलून न्या. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा पंप बंद, आणि चाकं मात्र आतले भाग फिरवत राहतात. पंप बंद असतो म्हणूनच ही गाडी धक्का मारून सुरूही होत नाही, दाब नसेल तर प्लेट धरणार कशी?

पार्लेकर

काम झालं. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

मॉड्युलेटर ऑपेरा हाऊसला चौथ्या दुकानात मिळाला. नंबर लिहून नेला होता ते बरं झालं, पहिल्या दुकानात दिला तो दुसऱ्याच प्रकारचा होता. पार्ट, ओ-रिंग, नळी, फिल्टर, चेंबरचं गॅस्केट, सहा लिटर ऑईल आणि प्रोपेलर शाफ्टच्या दोन डिस्क, मजुरीसकट २६ हजारांच्या आत. कुर्ल्याच्या भाऊंनी स्वतःच्या गॅरेजच्या खड्ड्यावर काम करू दिलं आणि मला शेजारी उभं राहू दिलं, त्यासाठी त्यांचे वेगळे आभार.

जुना मॉड्युलेटर व्हॅक्यूमच्या हातपंपाला लावून बघितला. सुई चढायच्या आधीच खाली. नव्याला लावला, सुई वर गेली आणि आम्ही चहा पिऊन आलो तरी तिथेच. चेंबरमध्ये करडी साय होती, तुकडा एकही नाही. पुढच्या डिस्कला सहापैकी चार भोकांजवळ चिरा, एका चिरेत नख जात होतं.

पहिल्या फेरीत तिसरा इतका मऊ पडला की मी खूश झालो. भाऊ खूश नव्हते. ते म्हणाले, "मधे इंजिन क्षणभर वर गेलं, ऐकलं नाही का? घसरली ती." मग मॉड्युलेटरच्या टोकाची टोपी काढून आतली खिट्टी जराशी आवळली. पुन्हा फेरी, पुन्हा जराशी. तिसऱ्या फेरीला पाठीला कळेल न कळेल इतपत बदल जाणवायला लागला, तिथे थांबलो. अगदी लोण्यासारखा बदल म्हणजे प्लेट्स घासताहेत, हे मला माहीत नव्हतं.

धूर दोन दिवस राहिला, नळ्यांतलं आणि सायलेन्सरमधलं जुनं तेल जळेपर्यंत. आता नाही. काल बाबांनी पट्टी बघितली, आठ दिवसांत पातळी हललेली नाही. आणि काल संध्याकाळी ते दादरला जाऊन आले. मी शेजारी बसलो होतो. पेडलवरचा पाय फक्त उजवा, डावा नेहमीसारखा बाजूला टेकवलेला. माहीम कॉजवेवर तिसरा पडला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाहीत. आत्याच्या इमारतीखाली गाडी लावल्यावर मात्र हाताने डावा पाय उचलून पार्किंग ब्रेकवर ठेवला, वरून हाताने गुडघा दाबला, मग पी केलं. वीस वर्षं ते असंच करतात, पार्किंग ब्रेक आधी, पी नंतर, म्हणजे गाडीचं वजन गिअरबॉक्सच्या खुंटीवर पडत नाही. या गाडीत डाव्या पायाला तेवढंच एक काम आहे.

माझगावचा इंजिनिअर

काकांना माझा नमस्कार सांगा. महिनाभराने गरम गाडीत पातळी पुन्हा एकदा बघा, आणि एक्सलेटरच्या केबलच्या टोकाची प्लॅस्टिकची बुश तपासा. ती झिजली की केबल ढिली पडते आणि गिअर लवकर चढायला लागतात.

बाबूजी३००डी

मॉड्युलेटर न बघता ओव्हरहॉल सांगणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ज्यांना हा गिअरबॉक्स येतो असे हात मुंबईत मोजकेच उरलेत. १९९६पासून मर्सिडीजचा पाच गिअरचा ७२२.६ आला, तो इलेक्ट्रॉनिक, त्याला लॅपटॉप लावतात. नवी मुलं तेच शिकतात. कुर्ल्याच्या भाऊ, तुमच्या हाताखाली कुणी शिकतंय का?

कुर्ल्याचा पाना

पुतण्या आहे, २२ वर्षांचा. परवा पार्लेकरांच्या गाडीची खिट्टी दुसऱ्या फेरीला त्यानेच आवळली. कान तयार होतोय.

मधुवंती_घाटकोपर

आजच सदस्य झाले, हा धागा वाचूनच. माझ्या सासऱ्यांची ई २२० दीड वर्षं बिल्डिंगखाली कव्हर घालून आहे. कारण अगदी हेच : झटका, धूर, आणि गिअरबॉक्सचा मोठा खर्च सांगितलेला. माझं तर लायसन्सच ऑटोमॅटिकवर शिकून काढलेलं आहे. नळी कुठे शोधायची ते मला जमेल का? आणि इतके दिवस उभी गाडी तशीच सुरू करू का?

पार्लेकर

जमेल. पण आधी सुरू करू नका. बॅटरी काढून चार्ज करा, पेट्रोल जुनं आहे ते काढून टाका, गिअरची पट्टी बघा. गाडी उभी असताना कन्व्हर्टरमधलं तेल चेंबरमध्ये उतरतं, त्यामुळे बंद गाडीत पातळी खूप वर दिसेल, ती बघून तेल काढू नका. फक्त रंग आणि वास बघा. दुधाळ दिसलं तर तिथेच थांबा.

नळी पुसून बघायला येत्या रविवारी मी आणि बाबा येतो. सकाळी आठ चालेल का? घोड्या आणि हातपंप आमच्याकडे आहेत. तुम्ही फक्त जुने पुठ्ठे आणि पांढरा कागद तयार ठेवा, आणि बाबांसाठी एक खुर्ची.